मसाईच्या पठारावर, सगळ्यांच्या मागनं

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे साडेनऊ

प्रिय दोस्ता,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर पाच मिनिटांत गाडी तुझ्या बीपीवर आणि माझ्या लेकीच्या लग्नावर गेली असती, म्हणून मुद्दाम कागद घेतलाय. आज मसाईच्या पठारावर जाऊन आलो. पोटऱ्या भरून आल्यात, बूट अजून गॅलरीत निथळताहेत आणि झोप काही लागत नाही. तुला लिहिल्याशिवाय ती लागणारही नाही.

रंकाळ्यावर सकाळी फिरणारी आमची मंडळी तुला माहीत आहेतच. वर्षभर संध्यामठाकडनं त्याच त्या फेऱ्या मारल्यावर सगळ्यांनाच वाटायला लागलं, की एकदा डोंगरात जाऊया. गणपती पोचवून झाले, पाऊस जरा सैल पडला आणि रविवार ठरला. आम्ही २३ जण. सहाच्या एसटीनं पन्हाळा, तिथं चहा, मग राजदिंडीतनं खाली उतरून म्हाळुंग्याकडं आणि तिथनं वर पठार. तुला वेगळं काय सांगू, तीच आपली वाट.

गटात एक चांगला नियम आहे. सगळ्यांत पुढं लीड, सगळ्यांत मागं बॅकलीड, आणि बॅकलीडच्या मागं कुणीही राहायचं नाही. वाट फुटते तिथं लीडनं थांबायचं, शिट्टी मारायची, मागनं उत्तर आलं की मगच पाऊल उचलायचं. यावेळी बॅकलीड मी होतो. मीच मागून घेतलं होतं. का ते पुढं सांगतो.

म्हाळुंग्याच्या वरच्या चढाला आमच्यातल्या एका मावशींच्या बुटाचा तळ उचकटला. सत्तरीच्या आहेत, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी येते हळूहळू." मी डब्याच्या पिशवीची सुतळी सोडली, तळाखालनं दोन वेढे घेतले आणि घोट्यावर गाठ मारली. दर अर्ध्या तासानं ती सैल व्हायची आणि आम्ही दोघं पुन्हा खाली बसायचो. बाकीचे एकवीस जण दिसेनासे झालेले.

पण गड्या, बसलो म्हणून दिसलं. वर सगळा जांभा, त्यावर बोटभर माती आणि साचलेलं पाणी. त्या पाण्याच्या कडंला सीतेची आसवं एवढी दाट, की सकाळच्या उजेडात जमीनच जांभळी वाटत होती. मधेमधे गेंदाची पांढरी बटणं. आणि अगदी जमिनीला चिकटून दवबिंदू. मावशींनीच बोट दाखवलं. रुपयाच्या नाण्याएवढं लालसर झुडूप, पानांवर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि एका पानावर एक चिलट अडकलेलं, पंख अजून हलताहेत. मावशी म्हणाल्या, जांभ्यात कस नसतो, म्हणून ही झाडं किडे धरून खातात. सीतेची आसवंसुद्धा त्यातलीच, तिच्या मुळाकडं बारीक फुगे असतात आणि पाण्यातले जीव ते आत ओढून घेतात. एवढं नाजूक फूल! मी पन्नास वेळा तरी ते तुडवत गेलो असेन.

तुडवण्यावरनं आठवलं. पठारावर आता गाड्या चढतात. फुलांच्या मधनं चाकांचे चर गेलेत, त्यात नुसता चिखल, तिथं काही उगवत नाही. मसाई पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, तरी माणसं फोटोसाठी फुलांवर गाडी उभी करतात. मला फार वाईट वाटलं. पायी जायची जागा आहे ही. १६६० च्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटून महाराज याच वाटेनं विशाळगडाकडं गेले, भर पावसात, रात्री, पालखीतनं. आणि मागं घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले. वाटेवर असलं की हे पुस्तकातलं राहत नाही.

अकराच्या सुमारास धुकं आलं. तुला माहिती आहे कसं येतं ते. दरीतनं वर चढतं आणि बघता बघता दहा पावलांवरचा दगड दिसत नाही. सपाट पठार, ना झाड ना खूण, कुठल्याही दिशेला गेलं तरी सारखंच. मावशींनी माझी बाही धरली. मी शिट्टी मारली. काही नाही. पुन्हा मारली. आणि मग लांबनं, डाव्या अंगानं, लीडची शिट्टी आली. डोळ्यांत पाणी आलं रे माझ्या.

१९८९ चा जुलै मला तिथं जसाच्या तसा आठवला. पन्हाळा ते पावनखिंड, कॉलेजचं दुसरं वर्ष. तुझा पाय मुरगळला होता आणि मी पुढच्या पोरांबरोबर निघून गेलो. कुणीतरी विचारलं, तो कुठंय? मी म्हणालो, "येईल मागनं." एवढंच म्हणालो आणि चालत राहिलो. त्या तळ्याकाठी धुक्यात तू दोन तास एकटा बसलेलास. धनगराच्या पोरानं तुला कुंभारवाडीपर्यंत आणलं. तू आल्यावर हसलास, म्हणालास भूक लागलीय. त्यावर आपण परत कधीच बोललो नाही. तू चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं. इतकी वर्षं तुझ्या घरी जेवलो, तुझ्या बाबांना खांदा दिला, पण हे तोंडातनं निघालं नाही. मी चुकलो होतो. मला थांबायला हवं होतं. आज लिहितोय.

बारा वाजता मसाई देवीच्या देवळापाशी सगळे गोळा झालो. मोजले, २३. ओल्या कट्ट्यावर बसून भाकरी, खर्डा, दही आणि कुणीतरी आणलेलं भडंग. मावशींनी सुतळी सोडून मला परत दिली, ती या पत्राशेजारी टेबलावर आहे.

दिवाळीनंतर पांडवदऱ्याची लेणी बघायला पुन्हा तिकडंच जायचं ठरतंय. तारीख कळवतो. आदल्या दिवशी ये, मुक्काम माझ्याकडं. गुडघ्याची काळजी करू नकोस, वेळ लागला तर लागू दे. लीडला मी सांगून ठेवलंय, शेवटची दोन नावं आमची.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा