बाबा, महालक्ष्मीचं तिकीट काढू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येत्या मंगळवारी सकाळी अकराला माझी मुलाखत आहे. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी बोलता बोलताच मिरजेहून सोमवार रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट काढलं असतं, म्हणून हे पत्र. या वेळी मी एकटी जाणार आहे.

आई, तू परवा विचारलंस, "त्या फोनवरच्या ताई तुला शिकवतात तरी काय?" खरं तर काहीच नाही. त्यांनाही माझ्यासारखंच दिसत नाही. पंधरा वर्षं आयटीत नोकरी करतायत आणि एक शनिवार सोडून एक शनिवार तासभर माझ्याशी बोलतात. मेंटॉर म्हणतात अशांना. पहिल्याच फोनवर मी बँकेच्या परीक्षांचं रडगाणं लावलं: सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के, त्यात आम्हा न दिसणाऱ्यांना 1, शिवाय लेखनिक ऐनवेळी दांडी मारतो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बँक तुला हवीय की घरच्यांना?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनी काम दिलं. पंधरा दिवस लॅपटॉपवर जिथे जिथे अडशील, ते लिहून ठेव.

यादी संपता संपेना. रिचार्जच्या साइटवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर) नुसतं "बटण, बटण, बटण" वाचत जातो. पैसे भरायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं, देव जाणे! ताई हसल्या. म्हणाल्या, "अगं, हे शोधून देणाऱ्यांना कंपन्या पगार देतात." अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टिंग म्हणतात त्याला. मग मी एचटीएमएल, म्हणजे वेबपानं ज्यात लिहितात ती भाषा, शिकले, साइट तपासून अहवाल लिहायला लागले. पहिले तीन त्यांनी परत पाठवले: चूक सापडली, पण सुधारायची कशी ते कुठाय? (बँकेचे फॉर्म भरत राहा, हेही त्यांनीच बजावलंय. बाबा, निश्चिंत असा.)

आता मुलाखतीचं. गेल्या वर्षी त्या कंपनीतले साहेब सगळं तुम्हालाच विचारत होते. हिला जिना चढता येतो का? एकटी येईल का? आणि तुम्ही उत्तरं देत होतात. ताईंना हे सांगताना मी साहेबांवर चिडले होते, थोडी तुमच्यावरही. त्या म्हणाल्या, "आणि तू काय करत होतीस?"

मी गप्प बसले होते, बाबा. तुम्ही आहात म्हटल्यावर मला बोलायची गरजच वाटली नव्हती.

या वेळी तयारी वेगळी आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे खाजगी कंपनीलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं, हे ताईंमुळे कळलं. या कंपनीचं ते वाचलं आणि मगच मेल केली: मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर काम करते, चाचणी कागदावर नको, लॅपटॉपवर द्या. हे आधी सांगावं की नाही, यावर आमचे दोन शनिवार वादात गेले. त्या म्हणत होत्या, नंतर सांग. मी आधीच सांगितलं. कंपनीचं उत्तर आलंय: लॅपटॉप तयार ठेवतो.

रस्ता दोनदा पांढरी काठी घेऊन चालून आले आहे. जिना आहे, बावीस पायऱ्या.

आई, शेंगदाण्याची चटणी संपली आहे. आणि बाबा, मंगळवारी साडेबारापर्यंत फोन करू नका. बरं, बारापर्यंत.

तुमची,
छकुली