तीस वर्षांची जागल

आदरणीय मॅडम,

तुम्हाला मिठाईचा पुडा चालत नाही, साडी तर नाहीच. मागच्या दिवाळीला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गावाकडून आणलेली तुरीच्या डाळीची पिशवीसुद्धा तुम्ही हात जोडून परत दिलीत. म्हणून हे पत्र. पाकिटात बंद न करता मुद्दाम उघड्यावर लिहितेय, कारण १९९३ च्या भूकंपात पडलेल्या लातूर-धाराशिवच्या त्या बावन्न गावांत अजून किती घरांत असे अण्णा असतील आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसेल. आम्हालाही नव्हता.

आम्ही त्याला स्वभाव म्हणायचो. अण्णा छताखाली झोपत नाहीत, स्वभाव. रात्री दाराला कडी घालू देत नाहीत, स्वभाव. उशाला बॅटरी, पायात चपला तशाच ठेवून आडवं होणं, मोठ्या आवाजात कुणी भांडं आपटलं की त्या माणसावर धावून जाणं, गणपती विसर्जनाच्या दिवशी गाव सोडून निघून जाणं, सगळं स्वभावातच जमा. पहिला पाऊस पडून माती भिजली की लोक ओसरीवर येऊन वास घेतात. अण्णा तेव्हा उठून चालायला लागायचे. कुठं ते सांगायचे नाहीत. आई म्हणायची, जाऊ दे, त्यांचं तसंच आहे.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं. अण्णा त्या रात्री जागलीला शेतात गेले, ज्वारी उभी होती. आम्ही घरात. दगडाच्या रुंद भिंती मातीत बांधलेल्या, वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं घर. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते आमच्यावर बसलं. मी आठ वर्षांची होते. मला आवाज आठवत नाही, तोंडात गेलेली माती आठवते. आईचा पाय मोडला, ती वाचली. आजी आणि माझा पाच वर्षांचा भाऊ गेले. नंतर पाऊस लागला. गावात सरणासाठी जी लाकडं वापरली ती पडलेल्या घरांचीच होती.

त्यापुढचे महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले. बाहेरून येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारायचा, 'तुमचे किती गेले?' अण्णा बोटांनी दोन दाखवायचे. पुढं नव्या गावठाणात आम्हाला चारशे चौरस फुटांचं घर मिळालं, भूकंपात टिकेल असं. रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब. अण्णांनी त्या घराच्या अंगणात बाज टाकली आणि पावसाळ्यात वर ताडपत्री बांधली. तेव्हापासून ते तिथंच झोपले.

तुमच्यापर्यंत आम्ही आलो ते तुर्कस्तानमुळं. ६ फेब्रुवारी २०२३ ला तिकडं भूकंप झाला तेव्हा अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात माझ्याकडं होते. तिथंही पहाट, तिथंही माणसं झोपेत. टीव्हीवर ढिगाऱ्यातून एक लहान मूल बाहेर काढताना दाखवत होते. अण्णा उठले, सात मजले जिने उतरून खाली पार्किंगमध्ये गेले आणि वर यायला तयार होईनात. दोन रात्री ते गाड्यांच्या मधे बसून होते. सोसायटीतली माणसं बघून जात होती. तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या तुमच्या खोलीत आले, आणि वाटेभर ते एकच म्हणत होते, 'मी काय येडा हाव का?'

तुम्ही त्यांना काय झालं ते विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, 'अण्णा, कुठं बसायला बरं वाटेल?' त्यांनी दाराजवळची खुर्ची दाखवली. तुम्ही उठून दार सताड उघडं केलंत, त्याला वीट लावलीत आणि तुमची खुर्ची बाजूला घेतलीत, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेत कुणी नको. एवढंच. मग झोपेबद्दल विचारलंत, भूक लागते का विचारलंत, ज्वारी कोणती पेरता तेही विचारलंत. पाऊण तासानंतर अण्णांनी पायातल्या चपला काढल्या. तुमचं तिकडं लक्ष गेलं होतं का, ठाऊक नाही. माझं गेलं होतं.

पुढच्या खेपेला मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, मॅडम, त्यांना सगळं एकदा बोलायला लावा, रडून मोकळे होऊ देत. तुम्ही शांतपणे नाही म्हणालात. आघातानंतर माणसाला एका बैठकीत सगळं ओकायला लावलं तर त्यानं बरं वाटेलच असं नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. आधी पायाखाली जमीन हवी, मग आठवणीकडं जायचं. गावात लोकांनी आम्हाला 'किती गेले' विचारून विचारून जे केलं होतं त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

आणि मग तुम्ही अण्णांना त्यांचं दुखणं त्यांच्या भाषेत सांगितलंत. त्यासाठी आजही मी तुमच्या पाया पडेन. 'अण्णा, जागलीला बसलेला माणूस काय करतो?' ते म्हणाले, 'जरा पान हाललं तरी ओरडतो.' 'आणि पीक घरी आल्यावर?' 'घरी येऊन झोपतो.' 'तुमच्या मनाला पीक घरी आल्याचं कुणी सांगितलंच नाही. ते तीस वर्षं जागलीला बसलंय.' अण्णा बराच वेळ तुमच्याकडं बघत राहिले.

मला तुम्ही नंतर जास्त उलगडून सांगितलंत. मेंदूत धोका ओळखणारा एक भाग आहे, अमिग्डला. तो विचार करायच्या आधी शरीराला पळ म्हणतो, आणि तो कॅलेंडर बघत नाही. साधी आठवण गोष्टीसारखी लागते, तिला आधी-नंतर असतं, ती संपते. आघाताची आठवण अनेकदा तुकड्या-तुकड्यांनी राहते, एखादा वास, आवाज, अंगावरचा भार. ओल्या मातीचा वास आला की अण्णांना १९९३ आठवत नव्हतं, ते १९९३ मध्ये असायचे. चिडणं, दचकणं, टाळणं, स्वतःच्या माणसांबद्दलही काही न वाटणं, ही सगळी एकाच दुखण्याची तोंडं. या दुखण्याला डॉक्टरांच्या पुस्तकात पीटीएसडी (आघातानंतर राहणारा मानसिक ताणाचा आजार) हे नाव १९८० साली मिळालं, व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या हालांमुळं त्याला जोर आला. म्हणजे आमचं गाव पडलं तेव्हा ते नाव जेमतेम तेरा वर्षांचं होतं. भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी आमच्या भागातल्या लोकांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास केला होता, हेही तुमच्याकडूनच कळलं. अण्णा त्या काळात अंधार पडेपर्यंत शेतात असायचे; कुणी आलं असतं तरी भेटले नसते.

मी विचारलं होतं, मग आई कशी सावरली? तीही त्याच घरात होती, ती तर माळवदाखाली होती. तुम्ही म्हणालात की एवढ्या मोठ्या संकटातून गेलेल्यांपैकी बरेच जण माणसांच्या आधारानं हळूहळू सावरतात, काही जणांची जखम आतून चिघळत राहते, आणि त्यात कोण घट्ट मनाचं आणि कोण हळवं असा न्याय लावायचा नसतो. आईजवळ दवाखान्यात महिनाभर तिच्या बहिणी होत्या. ती भावाचं नाव रोज घ्यायची. अण्णा एकटे नांगर धरत होते.

आम्ही त्यांना दर्ग्यावर नेलं होतं, एका देवऋषीकडंही नेलं होतं. हे सांगताना मला लाज वाटत होती. तुम्ही हसला नाहीत. 'तिथं त्यांना बरं वाटायचं का?' असं विचारलंत. वाटायचं, दर्ग्यात. कारण तिथं रात्री उघड्यावर खूप माणसं एकत्र झोपायची.

औषध सुरू झालं, झोप थोडी लागायला लागली. मग महिनाभरानं, आपणहून, अण्णांनी ती रात्र सांगितली. मी बाहेर बाकावर होते, दार उघडंच होतं. शेतात निघताना माझा भाऊ पायाला बिलगला होता, मला पण जागलीला ने म्हणून. अण्णा म्हणाले होते, 'उद्या नेतो.'

मॅडम, बाकावर बसल्या बसल्या मला कळलं की माझ्या वडिलांनी मला आयुष्यात कधी 'उद्या' म्हटलेलं नाही. जत्रा असो, वह्या असोत, बांगड्या असोत, एक तर 'चल', नाहीतर 'न्हाई'. आम्ही म्हणायचो, अण्णा फटकळ आहेत.

तुम्ही ती रात्र त्यांना पुन्हा सांगायला लावलीत, दर आठवड्याला, त्यांना झेपेल तेवढीच. मधेच ते थरथरायला लागले की पायाखालची फरशी गार लागते का विचारायचात, भिंतीवरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगायचात. चौथ्या-पाचव्या वेळी ते म्हणाले, 'आदल्या वर्षी हादरे बसले होते, मला कळायला पाहिजे होतं.' तुम्ही 'तुमची काही चूक नाही' असं पटकन म्हणून टाकलं नाहीत. आम्ही तेच करत आलो होतो, आणि अण्णा त्यावर गप्प व्हायचे. तुम्ही विचारलंत, त्या हादऱ्यांनंतर गावात आणखी कुणाकुणाला कळलं होतं? अण्णा एकेक घर मोजत बसले. कुणालाच नाही. ते त्यांनी स्वतः मोजलं, म्हणून त्यांना पटलं.

आणि माझं. मी तर सोबतीला आले होते. एकदा फाइल बंद करता करता तुम्ही सहज म्हणालात, 'ताई, तुम्हाला जाग किती वाजता येते?' मी म्हटलं, चारला, लहानपणापासूनची सवय आहे, पाणी भरायचं असायचं. पुण्यात माझ्याकडं चोवीस तास पाणी आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा झाल्यापासून मी त्या वेळी उठून त्याच्या नाकाशी हात धरते, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी वेगळी वेळ दिलीत, आणि रात्री फारच झालं तर म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिलात. मी त्यावर दोनदा बोलले आहे, मराठीत, एकदा पहाटे सव्वाचारला. पलीकडून कुणीतरी उचलतं, ही गोष्ट मोठी आहे. पैसे पडत नाहीत. हे वाचणाऱ्या कुणाला लागेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

सगळं मिटलंय असं मी म्हणणार नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री अण्णा अजूनही जागे असतात. त्या तारखेला दुखणार, ते दुखू द्या, त्या रात्री एकटं ठेवू नका, असं तुम्ही सांगितलंत. आता आम्ही सगळे त्यांच्यासोबत जागतो आणि आई भावाच्या खोड्या सांगते. २१ मार्च २०२४ ला हिंगोली-नांदेडकडं धक्के बसले तेव्हा मी घाबरून गावी फोन केला. अण्णा म्हणाले, 'छातीत धडधडतंय. तसं होणारच म्हणल्या होत्या मॅडम. चहा ठेवायला सांगितलाय.' बाज अंगणातून ओसरीवर आली, ओसरीवरून उंबऱ्याच्या आत. दार उघडं असतं. असू दे.

मागच्या डिसेंबरात मी मुलाला घेऊन गावी गेले होते. संध्याकाळी अण्णा शेताकडं निघाले तर हा त्यांच्या पायाला बिलगला, मला पण यायचंय म्हणून. आई चुलीपुढं होती, तिचा हात थांबला. माझाही. अंधार पडत होता, थंडी होती, लेकराच्या अंगात स्वेटर नव्हता. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, 'उद्या नेतो.'

त्या रात्री ते किती झोपले, मी विचारलं नाही. सकाळी सातला दोघं गेले. दुपारी परत आले तेव्हा मुलाच्या खिशात ज्वारीची कोवळी कणसं कोंबलेली होती आणि त्यातली दोन त्यानं तुमच्यासाठी बाजूला काढली. मॅडम, ती मात्र परत करू नका.

अण्णांची थोरली