'द पब्लिक एनिमी'मधली गोळी ऐकायची असते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वाया गेलेल्या पोरांच्या चित्रपटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सुरुवात 'द पब्लिक एनिमी' (1931) या हॉलिवूडच्या गुन्हेगारीपटापासून केली, हे उत्तमच. पण त्यात 'पडद्यावर रक्ताचे सडे' असतात हे वाचून, लेखकाने चित्रपट पाहिला की नुसते पोस्टर, असा प्रश्न पडला. दिग्दर्शक विल्यम वेलमनने यातल्या बहुतेक हत्या दाखवलेल्याच नाहीत. त्या ऐकवल्या आहेत.

पटी नोजचा प्रसंग घ्या. पुढे टोळीत शिरलेल्या टॉम आणि मॅट या दोन मित्रांना पोरवयात चोरीची दीक्षा देणारा आणि प्रकरण अंगाशी येताच पसार होणारा हा इसम कित्येक वर्षांनी त्यांच्या तावडीत सापडतो. जीव वाचवायला तो पियानोवर बसून त्यांच्या लहानपणचे चावट गाणे म्हणू लागतो. टॉम (जेम्स कॅग्नी) त्याच्या मागे उभा. तेवढ्यात कॅमेरा दोघांना सोडून दाराशी थांबलेल्या मॅटकडे सरकतो. गोळीचा आवाज येतो, गाणे मध्येच तुटते आणि पट्ट्यांवर अंग कोसळल्याचा बेसूर दणका होतो. मूकपटात हे जमलेच नसते. त्यांचा टोळीप्रमुख नेल्स नेथन याच्या मृत्यूला कारण ठरलेल्या घोड्याला मारतात तेही असेच, तबेल्यात, नजरेआड. शेवटच्या चकमकीत तर टॉम भर पावसात विरोधी टोळीच्या अड्ड्यात शिरतो आणि कॅमेरा बाहेर रस्त्यावरच थांबतो.

मॅटच्या मृत्यूआधी रस्त्यावर कोळसा ओतल्याचा खडखडाट होतो. दोघे दचकतात, मग हसतात आणि त्यानंतर खरी मशीनगन कडाडते. (भिंतीचा कोपरा फोडणाऱ्या गोळ्याही खऱ्या होत्या, त्या काळी स्टुडिओत नेमबाज बोलावून त्या झाडल्या जात.)

टॉम आणि मॅटच्या बालपणीच्या भूमिकांसाठी मुले 'चुकीची निवडली' हा लेखातला शेराही अपुरा आहे. आधी टॉमची भूमिका एडवर्ड वुड्स करणार होता आणि मॅटची कॅग्नी. चित्रीकरण सुरू झाल्यावर भूमिकांची अदलाबदल झाली, पण बालकलाकार तेच राहिले. म्हणून छोटा टॉम वुड्ससारखा दिसतो आणि छोटा मॅट, म्हणजे फ्रँकी डॅरो, कॅग्नीसारखा. याच डॅरोला वेलमनने 1933 मध्ये 'वाइल्ड बॉइज ऑफ द रोड'मध्ये प्रमुख भूमिका दिली.

आणखी एक दुरुस्ती. टॉमला पोलीस मारत नाहीत. विरोधी टोळीवाले त्याला इस्पितळातून उचलून नेतात. निर्मात्यांनी सुरुवातीला आणि शेवटी उपदेशाच्या पाट्या घातल्या आहेत खऱ्या, पण कथेत कायद्याचा विजय कुठेच होत नाही.

लेख वाचून एखादा फिल्म क्लब हा चित्रपट लावणार असेल, तर आधी प्रत तपासावी. 1941 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा सेन्सॉरच्या नियमांमुळे त्यातले तीन प्रसंग कापले गेले: शिंप्याकडे सुटाची मापे देतानाचा, मॅट आणि त्याची मैत्रीण मेमी यांचा पलंगावरचा, आणि लपून बसलेल्या टॉमला त्याच्या टोळीतल्या पॅडीची मैत्रीण भुलवते तो. 2005 च्या डीव्हीडीत ते परत आले. शिंपी पूर्ण दिसला की प्रत बहुधा अखंड समजावी. चौकट जवळपास चौरस आहे; प्रोजेक्टर 16:9 वर ठेवून चित्र ताणले तर माणसे बुटकी दिसतात आणि 'झूम' केले तर टोप्या कापल्या जातात. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

आवाजातली खरखर काढणारे फिल्टर मात्र आवर्जून बंद ठेवावे. शेवटच्या प्रसंगात घरात ग्रामोफोनवर 'आय'म फॉरएव्हर ब्लोइंग बबल्स' वाजते आहे, वरच्या मजल्यावर आई मुलासाठी बिछाना घालते आहे आणि भाऊ दार उघडतो. मलमपट्ट्यांनी गुंडाळलेला टॉम उंबऱ्यावरून पालथा पडतो. गाणे संपते, तबकडी फिरतच राहते आणि सुईची खरखर ऐकू येते. फिल्टर तीच खरखर गिळतो. ती थांबेपर्यंत सभागृहातले दिवे लावू नयेत.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर