आजी-आजोबांना नेव्ही पिअरला नेताना

नेपरव्हिल

चि. सईस अनेक आशीर्वाद.

बुधवारी आजी-आजोबांना शिकागोचा नेव्ही पिअर दाखवायचं काम तुझ्याकडे आलंय. फोनवर तू अर्धं ऐकतेस, म्हणून सगळं लिहून देते. हे पत्र त्या दिवशी जवळ ठेव.

पहिली गोष्ट म्हणजे तो धक्का ३,३०० फूट, म्हणजे एक किलोमीटर लांब आहे. टोकाला जाऊन परत आलं की दोन किलोमीटर झाले. आजीचे गुडघे तेवढं झेपवतील, पण मधेच काही विसरलं म्हणून मागे फिरायचं झालं तर नाही. घडीची चाकाची खुर्ची मी बरोबर देणार आहे. आजी "मला नको" म्हणेल, तेव्हा खुर्चीवर पिशव्या ठेवून ती ढकलत ने. टोकापासून परतताना आजी आपणहून बसेल.

पोचायचं कसं ते सांगते. त्यांना मी नेपरव्हिलहून बीएनएसएफ मार्गाच्या लोकल गाडीत बसवून देईन, ती शिकागोच्या युनियन स्टेशनलाच संपते. तुझ्या कॉलेजच्या शॅम्पेन गावाहून निघणारी ॲमट्रॅकची गाडीही तिथेच येते, पण ती मालगाड्यांच्या रुळांवरून येते आणि त्यांच्यापायी रखडते. तास-दीड तास उशीर धरूनच मी त्यांची गाडी निवडीन. युनियन स्टेशनपासून १२४ नंबरची बस थेट पिअरच्या दारात जाते. चालकाला सांगितलंस की बस दाराच्या बाजूला झुकते आणि खुर्चीसाठी फळी बाहेर येते, त्यामुळे संकोच करू नकोस. तिघांचं भाडं एकाच व्हेंट्रा कार्डावर (बस-रेल्वेच्या प्रवासाच्या कार्डावर) कापता येतं, फक्त आत शिरताना ते चालकाला आधी सांग. शहरातल्या रेल्वेच्या रेड लाइनचं ग्रँड स्टेशन नकाशात जवळ दिसतं, पण तिथून दार सव्वा किलोमीटर आहे. तुझ्या मैत्रिणींबरोबर ठीक, यांच्याबरोबर नको.

कपड्यांवरून आजीशी वाद होईल. शहरात ३० अंश असलं तरी धक्क्यावर २०-२२ असू शकतं. मिशिगन तलावाचं पाणी फार हळू तापतं, जूनमध्येही ते गारच असतं, आणि पूर्वेचा वारा सुटला की तो गारवा थेट अंगावर येतो. म्हणून हवामानाच्या अंदाजात ‘तलावाकाठी थंड’ असं वेगळं सांगतात. सकाळी वाऱ्याची दिशा बघून घे. दोघांचे कानटोपीवाले वाऱ्याचे जॅकेट मी पिशवीत घालतेय. आजीची शाल वाऱ्यात उडते, तिचा तिथे उपयोग नाही.

धक्क्यावर यायला तिकीट नाही. पैसे लागतात ते आतल्या गोष्टींना, आणि तिथे तुझा हात सैल सुटेल. माझं मत विचारशील तर एकाच गोष्टीवर खर्च कर, ती म्हणजे बोट. शोअरलाइन कंपनीची इमारती दाखवणारी फेरी सव्वा तासाची असते. तिकीट काढताना बोट कुठून सुटते ते नीट वाच. त्याच कंपनीच्या बोटी मिशिगन ॲव्हेन्यूच्या पुलापासूनही सुटतात, आणि माणसं तिकीट हातात घेऊन चुकीच्या ठिकाणी उभी राहतात. आपल्याला नेव्ही पिअरहून सुटणारी आणि तलावातून नदीत जाताना जलपाशातून, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाज्यांच्या कुंडातून, जाणारी फेरी हवी, म्हणून तिकीट काढताना ते विचारून घे. आजोबांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली, त्यांना इमारतींपेक्षा तेच जास्त आवडेल.

ते प्रश्न विचारतील, म्हणून एवढं लक्षात ठेव. शिकागो नदी मुळात तलावात वाहायची आणि शहराचं सांडपाणी घेऊन जायची. पिण्याचं पाणीही त्याच तलावातलं. म्हणून कालवा खणून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. आता तलावाची पातळी नदीपेक्षा सहसा दोन ते पाच फूट वर असते. तलावाचं पाणी बेसुमार नदीत जाऊ नये म्हणून १९३८ मध्ये तोंडाशी हा जलपाश बसवला. तो ६०० फूट लांब आणि ८० फूट रुंद आहे. बोट आत गेली की मागचे दरवाजे लागतात आणि पुढचे किंचित उघडून पाणी समपातळीला आणतात. पंप नाही, सगळं काम उताराचं. याला पंधराएक मिनिटं जातात. तेवढा वेळ बोट भिंतीला लागून उभी असते, तेव्हा आजोबांना कठड्याशी उभं राहू दे. आजीला मात्र खालच्या मजल्यावर काचेआड बसव. नदीत शिरल्यावर वारा पडतो, मग वर आणलीस तरी चालेल.

आकाशपाळण्याचं नाव आजोबा काढणारच. सध्याचा पाळणा २०१६ चा आहे, १९६ फूट उंच, ४२ बंद डब्यांचा, आत गरम-गार हवेची सोय. चाकाची खुर्ची आत जाते, फक्त रांगेत शिरतानाच तिथल्या माणसाला सांग. तिकीट माणशी वीस डॉलरच्या आसपास पडतं, आणि त्यात दहा-बारा मिनिटं मिळतात. मला तो सौदा महाग वाटतो. पण आजोबांचं मन असेल तर साडेपाच-सहाला घे, आतषबाजीच्या आधीचा तास टाळ, कारण रांग तेव्हाच सगळ्यात लांब असते. जोराचा वारा किंवा विजा असल्या की पाळणा थांबवतात, म्हणून ढग दिसत असतील तर आगाऊ तिकीट काढू नकोस. शहर पश्चिमेला आहे, संध्याकाळी सूर्य नेमका इमारतींच्या मागे असतो आणि फोटो काळे येतात. फोन काचेला टेकवून धर म्हणजे निदान आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येणार नाही.

खालून बघत बसलात तरी आजोबांना सांगण्यासारखं आहे. जगातला पहिला फेरिस पाळणा याच शहरात १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिला. तो २६४ फूट उंच होता, त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसं मावत. म्हणजे आताचा त्याच्यापुढे बराच लहान. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत ११ सप्टेंबरला विवेकानंद बोलले. ती इमारत आज आर्ट इन्स्टिट्यूट आहे. आजी तिथे जायचं म्हणेल, पण त्याच दिवशी नको. शनिवारी आम्ही नेऊ.

पूर्वेच्या टोकाला मात्र नक्की जा, आणि दक्षिणेच्या बाजूने जा. तिकडे बाकं आहेत, बोटी दिसतात, ऊन असतं. उत्तरेच्या बाजूला मालाच्या गाड्यांची ये-जा असते. टोकाशी घुमटाचं जुनं सभागृह आहे, ते १९१६ चंच, धक्का खुला झाला त्या वर्षीचं. हा सगळा डोलारा तलावात ठोकलेल्या वीस हजारांवर लाकडी खांबांवर उभा आहे. आधी हा मालाच्या जहाजांचा आणि सहलीच्या बोटींचा पालिकेचा धक्का होता. पहिल्या महायुद्धातल्या नौसैनिकांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये त्याला नौदलाचं नाव मिळालं. दुसऱ्या महायुद्धात चाकांच्या दोन आगबोटींवर सपाट छत ठोकून त्यांची विमानवाहू जहाजं केली आणि इथे बांधली. नवे वैमानिक तलावातच त्या जहाजांवर विमान उतरवायला शिकायचे, पाणबुड्यांची भीती नाही. आणि हे तुझ्यासाठी: १९४६ ते १९६५ इथे तुझ्याच इलिनॉय विद्यापीठाची शाखा भरायची. पोरं दोन वर्षं इथे शिकून पदवीसाठी तुमच्या अर्बानाला यायची. टोकावरून समोर पाण्यात पांढरं दीपगृह दिसेल, तेही १८९३ चंच, आताच्या जागी १९१९ मध्ये हलवलेलं.

आजोबा पलीकडचा काठ शोधतील. तो दिसत नाही, कारण तलाव तिथे साधारण पन्नास मैल रुंद आहे. भरती-ओहोटी म्हणावी अशी नाही आणि पाणी गोडं आहे. उत्तरेला लागून जी लांबरुंद ठेंगणी इमारत दिसते ते जार्डिन जलशुद्धीकरण केंद्र, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. आपल्या नळाचं पाणीही तलावातलंच, हे त्यांना सांग.

खायचं म्हणशील तर डबा देतेय: तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं. धक्क्याच्या उत्तरेला ओहायो स्ट्रीट बीचच्या पुढे मिल्टन ऑलिव्ह पार्क आहे, झाडांची सावली आहे, तिथे बसून खा. डीप डिश पिझ्झा चाखवायचाच असेल तर तो भाजायला पाऊण तास लागतो हे धरून आधी मागव, पालकाचा घे आणि लहानच घे. एका तुकड्यात आजीचं पोट भरतं.

आतषबाजी उन्हाळ्यात बुधवारी आणि शनिवारी असते. बुधवारी नऊला, शनिवारी दहाला. म्हणूनच बुधवार निवडला. तरी आदल्या रात्री पिअरच्या वेळापत्रकात वेळ बघ, वारा-पावसात बेत बदलतो. साडेसातलाच दक्षिणेच्या बाजूचं बाक धर, पण टोकाकडचं नको, दाराकडचं. दहाएक मिनिटांत सगळं आटोपतं आणि हजारो माणसं एकाच दाराकडे वळतात. आवाज छातीत घुमतो. आजोबांचं श्रवणयंत्र पावणेनऊलाच काढून डबीत ठेव. वारा पूर्वेचा असेल तर धूर तुमच्यावरच येईल. आजीचा इनहेलर माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे.

संपल्यावर उठू नका. अर्धा तास बसून राहा. त्या वेळी बस दारातच अडकलेली असते आणि ॲपवरच्या टॅक्सींचा भाव चढलेला. तेवढ्यात दोघांना स्वच्छतागृहात नेऊन आण, कारण बाहेर पडल्यावर लवकर मिळायचं नाही. पावणेदहाच्या सुमारास बाहेर पडलात तर युनियन स्टेशनला सव्वादहापर्यंत पोचाल. रात्री गाड्या विरळ होतात, तेव्हा बुधवारचं वेळापत्रक आधीच बघून दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेव, एक हवी ती आणि एक ती चुकली तर. गाडीत बसलीस की मला नुसता मेसेज टाक. मी नेपरव्हिल स्टेशनवर गाडी घेऊन उभी असेन. मोठी सुटकेस आणू नकोस, खुर्ची आणि सुटकेस दोन्ही तुझ्याने ढकलणार नाहीत. कपडे शनिवारी आणू.

तुझी,
आई