संगीताच्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रमहान्सल यांना, पुण्याहून

आदरणीय क्रमहान्सल बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही, आणि पोचलं तरी ते मराठीत आहे. पण इंग्रजीत आभार मानले की मला ते रजेच्या अर्जासारखे वाटतात.

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी मी रागसंगीत निवडलं, तेव्हा एक सर म्हणाले, "गाणं ऐकायचंय तर सवाईला जा, इथे मोजता येईल असं काहीतरी आण." महिनाभर मी नैराश्याच्या प्रश्नावल्या चाळत बसले. मग ग्रंथालयात रागांवरच्या प्रयोगाचा तुमचा १९८४ चा लेख हाती लागला. मेरी कॅस्टेलानो आणि आमच्या मुंबईत जन्मलेले जमशेद भरुचा तुमच्यासोबत होते.

दहा राग. आधी राग ऐकवायचा, मग एकच स्वर वाजवून विचारायचं: हा इथे किती शोभतो? एक ते सात गुण. झालं! ऐकणारे काही भारतीय, काही पाश्चात्त्य. सा आणि प यांना दोघांनीही सर्वांत जास्त गुण दिले. वादी, म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा स्वरही बराच वर आला. या संगीताशी ओळख नसलेल्यांना तो कसा कळावा? रागात जो स्वर जास्त रेंगाळतो, तो कान टिपून ठेवतो. रागामागचा थाट, म्हणजे ज्या सात स्वरांच्या साच्यात तो राग बसतो तो, मात्र फक्त भारतीय श्रोत्यांना जाणवला. भातखंड्यांचे थाट मी परीक्षेपुरते घोकले होते; श्रोत्यांच्या गुणांतून थाटांची आपसातली नाती उमटलेली पाहिली आणि अंगावर काटा आला.

१९७९ मध्ये रॉजर शेपर्ड यांच्याबरोबर तुम्ही ही पद्धत मांडलीत. पुढे कॉर्नेल विद्यापीठातही ऐकणाऱ्यालाच विचारत राहिलात. २०१० मध्ये तर गाण्यांचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे ऐकवलेत, आणि चारातल्या एकाहून अधिक वेळा लोकांनी गाणं आणि कलाकार दोन्ही ओळखले. (विविध भारतीवर वाढलेल्यांना याचं फारसं नवल वाटणार नाही.)

लेख वाचला त्याच रात्री तानपुऱ्याचं ॲप लावून मी आजीला यमन ऐकवला. आजी गाणं शिकलेली नाही. गंधाराला तिनं सात दिले, पंचमाला सहा. यमनमध्ये नसलेला शुद्ध मध्यम वाजवला तर म्हणाली, "हा कुठून घुसला?" आणि एक दिला. दुसऱ्या दिवशी तो कागद मी सरांपुढे ठेवला. विषय मंजूर झाला.

आजीची एक तक्रार तेवढी कळवते: षड्जालाही, म्हणजे सा लाही, सातच गुण का?

आपली,
एक विद्यार्थिनी