पंचवीस वर्षांच्या प्रश्नाला तीन वर्षांचा निधी : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कर्करोगाच्या कारणांच्या व परिणामांच्या दीर्घकालीन लोकसंख्याधारित अभ्यासासाठी कायमनिधी उभारण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एक सेवानिवृत्त संख्याशास्त्र शिक्षक आहे. आपल्या खात्याकडे रुग्णालये, यंत्रे आणि औषधे यांसाठी रोज मागण्या येत असतील आणि त्या रास्तही असतील. माझी मागणी मात्र अशा कामासाठी आहे, ज्याचे फळ आपल्या कार्यकाळात दिसणार नाही.

देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये आमच्या बार्शीत, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील 346 गावे तिच्या कक्षेत होती. मुंबईत 1963 पासून नोंदणी होती, पण शहरात रुग्ण इस्पितळात येतो आणि त्याचे कागद सापडतात. खेड्यात रुग्ण घरातच झिजून जातो आणि मृत्यूच्या नोंदीत ‘म्हातारपण’ एवढेच उरते. म्हणून येथील कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून, सरपंच-शिक्षकांना भेटून, लक्षणे समजावून सांगून रुग्ण शोधले. या खटपटीचा एक परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारांना येऊ लागल्या.

परंतु नोंदणी आपल्याला किती जणांना कोणता कर्करोग झाला, एवढेच सांगते. तो का झाला, हे तिला सांगता येत नाही. आजार झाल्यावर रुग्णाला ‘तुम्ही मिश्री किती वर्षे लावत होतात’ असे विचारले, तर येणारे उत्तर आजाराच्या भीतीने आणि अपराधीपणाने रंगलेले असते. द्राक्षबागेत किंवा कपाशीवर वीस वर्षांपूर्वी कोणते औषध फवारले, हे तर धडधाकट माणसालाही आठवत नाही. त्यासाठी निरोगी माणसांची आधी नोंद करून, त्यांच्या सवयी, काम, आहार व रक्ताचे नमुने जपून ठेवून, पुढे त्यांचे काय होते हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. तंबाखूवरील ज्ञान असेच मिळाले. ब्रिटनमधील डॉक्टरांचा अभ्यास 1951 मध्ये सुरू झाला आणि त्याचा पाठपुरावा पन्नास वर्षे चालला. आपल्याकडे मुंबईत 1991 ते 1997 या काळात मतदार याद्यांच्या आधारे 35 वर्षांवरील 1,48,173 व्यक्तींची नोंद झाली. विडी आणि धूरविरहित तंबाखू यांच्यामुळे होणाऱ्या मृत्यूंविषयी भारतीय आकडे मिळाले ते त्यातून.

संयमाने केलेल्या पाठपुराव्याचे मोल आपल्याच मातीतील दोन उदाहरणांवरून दाखवता येईल. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा चार गटांत अभ्यास झाला. सुमारे आठ वर्षांनी, एकदाच एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते, तर नेहमीचीच आरोग्यसेवा मिळालेल्या, संख्येने थोड्या लहान गटात 64. हा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचा आधार घेतला गेला. तो मुळात मोजता आला, कारण त्या भागात मृत्यू शोधणारी नोंदणी उभी होती.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. एचपीव्ही लशीच्या मात्रांची तुलना करणारी एक चाचणी 2009 मध्ये देशातील नऊ ठिकाणी सुरू झाली. बार्शी आणि पुणे त्यांत होते. अन्य प्रकल्पांवरून उठलेल्या वादामुळे 2010 मध्ये लसीकरण थांबवण्यात आले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. येथे सगळे गुंडाळले असते तर कोणी दोषही दिला नसता. पण पाठपुरावा चालू राहिला आणि दहा वर्षांनी दिसून आले की, विषाणूच्या दोन प्रमुख प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एकाच मात्रेने जवळपास दोन-तीन मात्रांइतकेच संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यात या मुलींच्या नोंदींचा वाटा आहे.

आता एक प्रश्न, जो माझ्या मते फक्त महाराष्ट्रच विचारू शकतो. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. ज्या स्त्रीचे गर्भाशय मुखासह काढले गेले आहे, तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग होणे जवळपास अशक्य. तरीही दर काढताना ती भाजकात मोजली जाते आणि आजार प्रत्यक्षाहून कमी दिसतो. जनजागृतीमुळे दर उतरला असे आपण समजावे आणि खरे कारण शस्त्रक्रिया असावे, असे घडू शकते. याच स्त्रियांची तिशी-पस्तिशीत अंडाशयेही गेली असतील, तर पुढील वीस वर्षांत त्यांच्या हाडांचे आणि हृदयाचे काय होते, हाही अभ्यासाचाच भाग असला पाहिजे. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कोयता, म्हणजे ऊसतोडीचे जोडपे, बाहेर पडला की घराला कुलूप लागते. त्यामुळे उन्हाळ्यात, माणसे गावी परतल्यावर पुन्हा दार वाजवणारा कायमस्वरूपी कार्यकर्ता लागतो.

येथेच निधीची अडचण येते. संशोधन प्रकल्पांना साधारणतः तीन ते पाच वर्षांसाठी पैसे मिळतात, तर धोकादायक सवय आणि कर्करोग यांच्यातील अंतर वीस-तीस वर्षांचे असते. मुदत संपली की कंत्राटी कार्यकर्ते जातात, आणि गावातील ओळख, जी कोणत्याही फायलीत नसते, ती त्यांच्याबरोबर जाते. रक्ताचे नमुने उणे 80 अंशांत ठेवणाऱ्या शीतकपाटांची वीज मात्र प्रकल्पाच्या मुदतीची वाट पाहत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, राज्याने किमान पंचवीस वर्षांसाठी एक कायमनिधी उभारावा, ज्याच्या व्याजातून एका ग्रामीण व एका शहरी समूहाचा पाठपुरावा चालेल आणि ज्याला वार्षिक अर्थसंकल्पातील काटछाट लागू होणार नाही. त्याच्या वैज्ञानिक देखरेखीसाठी खारघरचे कर्करोग रोगपरिस्थितिविज्ञान केंद्र (सेंटर फॉर कॅन्सर एपिडेमिऑलॉजी) आणि जुन्या नोंदण्या यांना सोबत घ्यावे. जन्म-मृत्यू नोंदणी आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील उपचारांच्या नोंदी सहभागी व्यक्तींच्या लेखी संमतीने व नाव झाकून या अभ्यासाशी जोडाव्यात. या जोडणीला इमारत लागत नाही, केवळ खात्यांमधील आदेश लागतो. उपचारांचा पैसा यासाठी वळवावा, असे मी म्हणत नाही. पण उपचार घेतलेला रुग्ण पाच वर्षांनी जिवंत आहे की नाही हेच कळणार नसेल, तर योजनेवरील खर्चाचा हिशेबही अपुराच राहतो.

येत्या हिवाळी अधिवेशनातील पुरवणी मागण्यांत या निधीचा पहिला हप्ता दाखवता येईल का, आणि येत नसल्यास त्याची कारणे कोणती, एवढे आपल्या कार्यालयाने लेखी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
सोलापूर जिल्हा