अहवाल निगेटिव्ह, पण तपासले काय?

महोदय,

असुरक्षित संबंधानंतर लघवीला जळजळ सुरू होते, माणूस घाबरून ‘एसटीडी प्रोफाइल’ (लैंगिक आजारांच्या तपासण्यांचा संच) करून येतो, अहवाल निगेटिव्ह येतो आणि जळजळ तशीच राहते. मग कोणी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचे पाणी देते, कोणी मेडिकलमधून अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स आणते. त्याआधी अहवाल हातात घेऊन पाहावे की तपासले काय.

या प्रोफाइलमध्ये बहुतेकदा एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), हिपॅटायटिस बी असतात. सगळ्या रक्ताच्या तपासण्या. मूत्रमार्गाला सूज आणणारे गोनोरिया आणि क्लॅमिडिया त्यांत कळतच नाहीत. त्यासाठी लघवीची किंवा स्वॅबची पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, लागते. आणि खरी चूक होते ती नमुना देताना. पुरुषाने निदान एक तास, जमल्यास दोन तास लघवी रोखून, आधी न धुता, अगदी पहिल्या धारेची २० मिली लघवी द्यायची. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, याच्या उलट: धुऊन, पहिली धार सोडून, मधली. काउंटरवर एकच डबी मिळते आणि मधल्या धारेचा तोच नमुना दोन्हीकडे जातो. पहिल्या धारेबरोबर मूत्रमार्गातल्या पेशी वाहून गेलेल्या असतात. पीसीआरला सापडणार काय? स्त्रियांमध्ये लघवीपेक्षा योनीचा स्वॅब भरवशाचा. संबंधाला दोन आठवडे होण्याआधीची तपासणी निगेटिव्ह आली, तर ती पुन्हा करावी.

एवढे करूनही मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा संबंधातून पसरणारा जंतू निसटतो. नेहमीच्या कल्चरमध्ये तो वाढत नाही. त्याला पेशीभित्तिका (पेशीभोवतीचे कवच) नसल्याने त्या कवचावरच घाव घालणारे सेफिक्झिम हे अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही, आणि अझिथ्रोमायसिनचा १ ग्रॅमचा एकच डोस वारंवार घेतला की तो त्यालाही दाद देईनासा होतो. म्हणून पीसीआरच्या यादीत तो आणि ट्रायकोमोनास हा परजीवी आहेत का, हे पैसे भरण्याआधीच विचारावे. युरियाप्लाझ्मा हा जंतू मात्र निरोगी माणसांतही आढळतो. केवळ त्याचे नाव अहवालात आले म्हणून जोडीदारावर संशय घेऊ नये.

लघवीत पू-पेशी आहेत आणि कल्चर कोरे आहे, तर आपल्याकडे मूत्रसंस्थेच्या क्षयाचा (टीबीचा) विचार व्हायलाच हवा. त्यासाठी सलग तीन ते पाच दिवस पहाटेची लघवी तपासतात. पू-पेशीही नसतील, तर अँटिबायोटिक थांबवून दुसरीकडे बघावे. मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या नलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेल्या खड्याची जळजळ शिश्नाच्या टोकाशी जाणवते आणि तो सोनोग्राफीत चुकूही शकतो. भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेलेच राहतात: धार अडखळते, बसले की दुखते. त्याला फिजिओथेरपी लागते. स्राव येतो का हे पाहायला मूत्रमार्ग सारखा पिळणे, जंतुनाशकाने धुणे, यांनीही जळजळ टिकून राहते.

ताप-थंडी, वृषणाला सूज, लघवीत रक्त किंवा लघवी तुंबणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) तपासणी मोफत होते. १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर माहिती मिळते.

प्रयोगशाळांना कळकळीची विनंती: कोणता नमुना घेतला आणि कोणते जंतू शोधले, हे अहवालाच्या वरच्याच ओळीत मराठीत छापावे. आणि पीसीआरच्या डबीवर ‘पहिली धार, २० मिली’ अशी चिठ्ठी लावून २० मिलीच्या पातळीवर खूण करून द्यावी.

– एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, सातारा